वालातले भुंगेरे: नराच्या वीर्यद्रवामुळे मादी जास्त अंडी घालते का?

आगरातली_मंजू

नमस्कार मंडळी. अलिबागजवळ आमची शेती आहे. भात कापून झालं की जमिनीत राहिलेल्या ओलीवर आम्ही कडवे वाल टाकतो. होळीच्या आसपास शेंगा वाळतात. पुढच्या पेरणीसाठी काढलेलं बियाणं मग अख्खा पावसाळा सांभाळावं लागतं, आणि आमच्या खारट, दमट हवेत नेमकं तेव्हाच त्याला भुंगेरे लागतात.

यंदा मी थोडे किडके वाल काचेच्या बरणीत ठेवले आणि भिंगातून रोज बघत बसले. मादी पोटाचं टोक दाण्यावर घासत फिरते, मग एका जागी थांबून अंडं चिकटवते. अंडं आधी काचेसारखं असतं. अळी आत शिरली की तिने पोखरलेला भुसा मागे टरफलात भरतो आणि ते पांढरंफेक दिसायला लागतं. आपण दाण्यावरचे पांढरे ठिपके म्हणतो ते हेच. मिलन चालू असताना शेवटी शेवटी मादी मागच्या पायांनी नराला लाथा मारते, हेही स्पष्ट दिसलं.

आता प्रश्न. वेगळ्या ठेवलेल्या, नर न भेटलेल्या माद्या फारच थोडी अंडी घालतात. नर भेटला की धडाधड सुरू होतात. मी वाचलं की यामागे फक्त शुक्राणू नसतात, त्यांच्याबरोबर जो द्रव जातो त्यातली रसायनं मादीला अंडी घालायला लावतात. हे खरं आहे का? खरं असेल तर ते मादीच्या भल्याचं की नराच्या? आणि बियाणं टिकवायला या माहितीचा काही उपयोग होतो का? जाणकारांनी जरूर लिहा.

खाडीपलीकडचा

विषय जबरदस्त. वाचतोय.

कीटकवेडी

मंजूताई, निरीक्षण फार सुंदर आहे. मी कीटकशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे कडधान्यात मुख्यतः कॅलोसोब्रुकस वंशाच्या दोन जाती सापडतात, चायनेन्सिस आणि मॅक्युलेटस. पहिलीचं नाव लिनियसने १७५८ साली दिलं, दुसरीचं फॅब्रिशियसने १७७५ साली. दोन्हींचे प्रौढ किडे साठवणीत काही खात नाहीत, पाणीही पीत नाहीत. अळी असताना दाण्यात जे कमावलं त्यावरच आठवडा-दोन आठवडे जगायचं.

आता मॅक्युलेटसचा नर पहिल्या मिलनात मादीला जे देतो त्याचं वजन त्याच्या शरीराच्या ५ ते १० टक्के भरतं. इतकं सगळं शुक्राणूंसाठी लागतच नाही. त्यात पाणी, प्रथिनं, पेप्टाइड (प्रथिनांसारखेच पण लहान रेणू) असं बरंच काही असतं आणि त्यातलं बरंचसं नराच्या सहायक ग्रंथींतून येतं.

हा द्रव मादीवर काही करतो का, हे तपासायची सरळ पद्धत म्हणजे नर बाजूला ठेवायचा आणि नुसता अर्क मादीला टोचायचा. जपानमध्ये यामाने, मियाताके आणि सहकाऱ्यांनी चायनेन्सिसवर हेच केलं, २००८ साली. नराच्या जननेंद्रियांचा अर्क टोचलेल्या माद्या मिलनाला नकार द्यायला लागल्या. मिलन झालेलं नाही, शुक्राणू नाहीत, तरीही! अर्कातले रेणू आकारानुसार वेगळे केल्यावर दिसलं की लहान रेणूंचा परिणाम काही तासांत होतो आणि मोठ्यांचा दोन-चार दिवसांनी. म्हणजे एकाच द्रवात तातडीचा निरोप वेगळा आणि टिकाऊ निरोप वेगळा.

अंडी घालण्याबद्दल याहून जुनं काम फ्रान्समधलं आहे. घेवड्याच्या भुंगेऱ्यावर, म्हणजे राजम्यात पडतो त्यावर, युइन्यार यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की नराच्या ग्रंथींतला स्राव मादीच्या शरीरद्रवात पोचतो, आणि त्यानंतर अंडी तयार होणं आणि बाहेर घालणं दोन्ही वाढतं. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे.

मुरुडचा_बापू

कीटकवेडी, माहितीबद्दल आभार, पण मला हे इतकं सरळ वाटत नाही. उपाशी, तहानलेल्या मादीला कोणी आपल्या वजनाच्या दहा टक्के खुराक दिला तर ती जास्त अंडी घालणारच. त्याला ‘निरोप’ कशाला म्हणायचं? आमच्या कोंबड्यांना मासळीचा कुटा मिळाला की अंडी वाढतात, कुटा काही निरोप घेऊन येत नाही.

आगरातली_मंजू

बापूकाका, मलाही हीच शंका आली होती. खुराक आणि हुकूम वेगळे कसे ओळखायचे?

कीटकवेडी

बापूंचा मुद्दा वजनदार आहे आणि संशोधकही त्यावर भांडलेले आहेत. चार्ल्स फॉक्स यांनी १९९३ मध्ये मॅक्युलेटसवर दाखवलं की अनेकदा मिलन झालेल्या माद्या एकदाच झालेल्यांपेक्षा जास्त अंडी घालतात. त्यावरून नराचा द्रव म्हणजे पोषण असा अर्थ काढता येतो.

पुढे २००७ मध्ये एडवर्डसन यांनी माद्यांना प्यायला पाणी दिलं. पाणी मिळालेल्या माद्या पुन्हा मिलनाला कमी तयार झाल्या, तहानलेल्या लवकर तयार झाल्या. २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने पाणी आणि पोषण वेगळं करून तपासलं, तेव्हाही पुन्हा मिलनामागचं कारण पाणीच निघालं. तेव्हा खुराकाची बाजू खरी आहे, आणि त्यातही मुख्य भाग पाण्याचा.

पण टोचण्याच्या प्रयोगाकडे पुन्हा बघा. अर्क टोचतात तो अगदी थोडा, आणि तुलनेसाठी दुसऱ्या माद्यांना नुसतं क्षारद्रावण टोचतात. द्रव दोघींच्या अंगात जातो, नकार मात्र अर्कवालीच देते. हे पोषणाने समजावता येत नाही. माझ्या मते एकाच थेंबातून तीन गोष्टी जातात: शुक्राणू, पाणी आणि इशारा. तिन्हींमुळे अंड्यांचा आकडा वाढू शकतो, म्हणून नुसती अंडी मोजून कारण सांगता येत नाही.

सागवेकर

मला एक कळत नाही. नराला एवढी घाई का? मादी आज अंडी घालेल नाहीतर परवा.

देवगडचा_हापूस

@सागवेकर, परवापर्यंत दुसरा नर येतो ना!

मॅक्युलेटसमध्ये मादी दोन नरांशी जुळली तर पुढच्या बहुतेक अंड्यांचा बाप दुसरा ठरतो, साधारण ८० टक्के. पॉल ईडी यांचं यावर १९९० च्या दशकातलं काम आहे. नर शुक्राणूही इतके देतो की मादीच्या शुक्रधानीत, म्हणजे शुक्राणू साठवायच्या पिशवीत, ते मावत नाहीत. मग पहिल्या नराच्या फायद्याचं काय? मादीने दुसऱ्याला नकार द्यावा आणि तोवर जमतील तितकी अंडी घालून मोकळी व्हावी. द्रवातली रसायनं नेमकी याच दोन गोष्टी करतात. मला तरी यात मादीचं भलं दिसत नाही, नराचा कारभार दिसतो.

मुरुडचा_बापू

हे पटलं. पण पाणी मादीला मिळतं हेही खरंच आहे ना?

देवगडचा_हापूस

मिळतं, पण काय किमतीला ते बघा. मॅक्युलेटस नराच्या जननेंद्रियावर काटे असतात. मिलनात ते मादीच्या आतल्या अस्तराला भोकं पाडतात. क्रडजिंग्टन आणि सिवा-जोथी यांचा २००० सालचा ‘नेचर’मधला लेख यावरच आहे. दोनदा मिलन झालेल्या माद्या एकदा झालेल्यांपेक्षा लवकर मेल्या. मंजूताईंना दिसलेल्या लाथांचाही त्यात उलगडा आहे: मादीला लाथा मारू दिल्या नाहीत तेव्हा मिलन लांबलं आणि जखमा वाढल्या.

खाडीपलीकडचा

अरे देवा. बरणीतल्या त्या लाथा बघताना आता वाईट वाटेल.

कीटकवेडी

काट्यांची गोष्ट इथे थेट लागू होते, म्हणून पुढचा भाग मी सांगते. प्रश्न असा होता की काट्यांनी जखम होते, पण नराला त्यातून काय मिळतं? स्वीडनमध्ये आर्नक्विस्ट यांच्या गटाने, हॉत्झी आणि सहकाऱ्यांनी, २०१२ मध्ये सूक्ष्म लेसरने काही नरांच्या काट्यांची टोकं छाटली. शिवाय पिढ्यान् पिढ्या निवड करून आखूड आणि लांब काट्यांचे वंश वेगळे तयार केले. दोन्ही मार्गांनी एकच निघालं. लांब काटे असले की त्या नराची संतती जास्त, आणि वीर्यद्रवातला जास्त भाग मादीच्या जननमार्गातून पुढे तिच्या शरीरद्रवात उतरतो.

म्हणजे भोकं पडतात त्यातून द्रव मादीच्या अंगात पसरायला वाट मिळते. तिथे पोचला तरच तो तिच्या चेतासंस्थेवर, अंडाशयावर परिणाम करू शकेल. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या आकृत्या बघत बसले होते. दोन-तीन मिलिमीटरच्या किड्यात एवढी रचना!

शांतादुर्गा_प्रसन्न

विषय चांगला असेल, पण इथे शाळेतली मुलंही वाचतात. शीर्षकात तरी हे शब्द टाळता आले असते.

कीटकवेडी

ताई, आपली भावना समजते. पण ज्या घरात बियाणं साठवतात त्या घरातल्या मुलांनी हे वाचावंच असं मला मनापासून वाटतं. गाय फळते, कोंबडी खुडूक बसते हे मुलं गोठ्यात बघतच असतात. किड्याच्या प्रजननाबद्दल नीट शब्दांत वाचण्यात काही गैर नाही.

वेंगुर्ल्याचो_झिल

आमच्याकडे आवस चवळेक चुलीची राख लावन मडक्यात भरून ठेवता. वरसून शेणान तोंड लिपून घेता. किडो लागणा नाय. हेच्यात नराच्या पाण्याचो काय संबंध, माका सांगा कोणीतरी.

कीटकवेडी

@वेंगुर्ल्याचो_झिल, संबंध आहे! राख दाण्यांमधल्या फटी भरते. भुंगेऱ्यांना दाण्यांतून फिरता येत नाही, नर-मादीची गाठ पडणं अवघड होतं. मिलन झालेली मादी असली तरी तिला नव्या दाण्यापर्यंत पोचता येत नाही. शिवाय राखेने अंगावरचं मेणाचं आवरण घासलं जातं आणि किडा कोरडा पडून मरतो. आईंना माझा नमस्कार सांगा.

वेंगुर्ल्याचो_झिल

सांगतंय. खूश जातली.

भाट्येचा_माड

थोडं विषयांतर करतो. रत्नागिरीत आमच्या माडांना सोंड्या भुंगा लागतो. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात गंधसापळ्याबद्दल सांगितलं होतं. सापळ्यात माद्या जास्त पडतात. पण त्यांचं मिलन आधीच झालेलं असेल तर सापळा लावून काय उपयोग?

देवगडचा_हापूस

उपयोग आहेच. सोंड्याच्या सापळ्यातला गंध, फेरुजिनॉल, मुळात नराचा आहे आणि त्याला नर-माद्या दोन्ही येतात. मिलन झालेली मादी सापडली म्हणजे तिची पुढची सगळी अंडी गेली. ती एकदा माडाला चिकटली की जखमेत अंडी घालते आणि अळ्या आतून खोड पोखरतात, बाहेर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून गेंड्या भुंग्याचा बंदोबस्तही करा. गेंड्या कोंभ पोखरतो आणि त्याच्या भोकांत सोंड्याची मादी शिरते. गेंड्या अंडी घालतो शेणखताच्या खड्ड्यात, तिथे मेटारायझियम ही किड्यांना मारणारी बुरशी वापरता येते.

सागवेकर

माडावरून परत वालावर या. पोपटीच्या शेंगांत हे भुंगेरे असतात का? मडकंभर शेंगा खाल्ल्यात आम्ही परवाच.

आगरातली_मंजू

भांबुर्ड्याचा पाला घालून चांगली भाजलेली पोपटी असेल तर बिनधास्त खा, आगीपुढे काही उरत नाही. :) पण शेंगेवर अंडी शेतातच पडायला सुरुवात होते, हे मात्र खरं. घरात आणलेल्या बियाण्यात कीड आधीच आत असते.

पालीची_सुगरण

म्हणूनच बिरड्यासाठी भिजवलेल्या वालांत कधी कधी दाण्याला गोल भोक दिसतं. आम्ही ते वाल तरंगले की काढून टाकतो.

निसर्गमित्र_गुहागर

फक्त धान्यातल्या किड्यांचंच असं असतं असं नाही. दोन ठिपक्यांच्या चित्रांग भुंगेऱ्यात, म्हणजे मावा खाणाऱ्या लेडीबर्डमध्ये, नर शुक्राणूंची पिशवीच देतो आणि मादी मिलनानंतर ती बाहेर काढून खाऊन टाकते. पेरी आणि रो यांनी २००८ मध्ये दाखवलं की पिशवी खाल्लेल्या माद्या लवकर अंडी घालायला लागतात आणि पुढच्या नरांना जास्त विरोध करतात. इथे तर पदार्थ पोटातून जातो, तरी परिणाम तोच. आणि त्यांच्या मोजमापात मादीचं यात नुकसान दिसलं नाही. म्हणून ‘नराचा कारभार’ हा निष्कर्ष सगळ्या भुंगेऱ्यांना लावू नये असं माझं मत आहे.

देवगडचा_हापूस

हे उदाहरण उत्तम. मी वालातल्या किड्यापुरतं बोलत होतो, आणि त्याच्यापुरतं माझं मत कायम आहे.

खाडीपलीकडचा

फळमाशीतही असंच काही असतं ना? शाळेत मुलीच्या प्रकल्पात ‘सेक्स पेप्टाइड’ असं काहीतरी होतं.

कीटकवेडी

हो, ड्रोसोफिलामध्ये. ३६ अमिनो आम्लांचा तो पेप्टाइड १९८८ मध्ये वर्णिला गेला. तो मादीला अंडी घालायला लावतो आणि नव्या नराला नाकारायला लावतो. शुक्राणूंच्या शेपट्यांना चिकटून तो मादीच्या अंगात साठतो आणि हळूहळू सुटत राहतो, त्यामुळे असर बरेच दिवस टिकतो. यंत्रणा समजायला माशी छान आहे, पण माशी वेगळी आणि भुंगेरा वेगळा. पेप्टाइड तोच असेल असं धरून चालू नका.

रताळेवाला_मालवण

सांगण्यासारखं एक उदाहरण आहे. रताळ्याचा सोंड्या भुंगा आम्हालाही छळतो. जपानच्या ओकिनावात कुमे बेटावर हीच कीड संपूर्ण नष्ट झाली, २०१३ मध्ये तसं जाहीर झालं. किरणांनी वांझ केलेले नर मोठ्या संख्येने सोडले होते. वांझ नराशी जुळलेल्या मादीची अंडी फुकट जातात. आणि मला वाटतं इथेच हा धागा लागू पडतो: वांझ नराचा द्रव मादीला नकार द्यायला लावण्याइतका धड हवा. नाहीतर ती पुन्हा शेजारच्या धडधाकट नराकडे जाईल आणि सगळी मेहनत वाया.

कीटकवेडी

बरोबर. वांझ नर वापरताना तो मादीला किती दिवस मिलनापासून दूर ठेवतो, हे मोजावंच लागतं.

आगरातली_मंजू

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझा तिसरा प्रश्न राहिला. एडवर्डसन यांच्या प्रयोगात पाणी दिलं की मिलन कमी झालं. मग बियाण्याच्या पिंपात ओलं फडकं ठेवून मिलन कमी करता येईल का?

कीटकवेडी

अजिबात नको! पाणी मिळालेली मादी जास्त जगते आणि जास्त अंडी घालते. तिला नर एकदाच भेटला तरी पुरतो, शुक्राणू साठवून ती नंतर फळलेली अंडी घालत राहते. वर ओलीने बियाणं बुरशेल ते वेगळंच.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच मुद्द्यात आहे. भुंगेरे दाण्यातून बाहेर पडले की थोड्याच वेळात जुळतात. आपल्याला पिंपात किडे फिरताना दिसतात तोवर माद्यांना द्रव मिळालेला असतो, इशारा पोचलेला असतो, अंडी सुरू झालेली असतात. तेव्हा दिसतील ते किडे वेचून किंवा पाखडून काम होत नाही. तीसेक अंश तापमानात एक पिढी साधारण महिन्याभरात होते. फाल्गुनात भरलेलं बियाणं दिवाळीनंतर पेरायचं, म्हणजे मधे किती पिढ्या झाल्या ते तुम्हीच बघा. आघात करायचा तो पहिल्या पिढीवर, दाण्याच्या आत असतानाच.

मुरुडचा_बापू

म्हणजे नेमकं काय करायचं?

कीटकवेडी

शेंगा वाळल्या की शेतात ठेवू नका, लगेच मळा. बियाणं कडक उन्हात चांगलं वाळवा, दाताखाली कडक वाजेपर्यंत. खाण्याच्या वालाला किलोमागे ५ ते १० मिली गोडं तेल चोळलं की अंड्यांची हवा कोंडते आणि ती मरतात.

बियाण्यासाठी मात्र हवाबंद साठवण. आफ्रिकेत चवळीसाठी पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांच्या गटाने तीन पदरी पिशव्या रुजवल्या. आतले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात आणि मग मरतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण २०१२ मध्ये त्यांनी कारण दाखवलं ते फार विलक्षण आहे: किडे तहानेने मरतात. कोरड्या दाण्यातल्या अळीला पाणी मिळतं ते अन्न प्राणवायूने जाळूनच. प्राणवायू गेला की पाणी बंद.

देवगडचा_हापूस

वा! म्हणजे मादी ज्या पाण्यासाठी लाथा मारत का होईना पुन्हा नराकडे जाते, तीच नस पकडायची.

आगरातली_मंजू

तिसरं उत्तर मिळालं. आमच्याकडे घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे ड्रम आहेत. ते चालतील?

कीटकवेडी

झाकणाला रबरी रिंग असेल आणि हवा खरंच बंद होत असेल तर चालतील. दोन गोष्टी पाळा. ड्रम काठोकाठ भरा, वर जागा राहिली तर तिथल्या हवेवर किडे बरेच दिवस काढतात. आणि मधेच ‘बघू या कसं आहे’ म्हणून उघडू नका, उघडलं की नवी हवा आत. लावणीपुरते वाल वेगळ्या लहान ड्रममध्ये आणि खायचे वेगळ्यात, म्हणजे बियाण्याचा ड्रम थेट पेरणीलाच उघडेल.

पालीची_सुगरण

खायच्या ड्रमाचं झाकण तर आमच्याकडे दर आठवड्याला निघणार. त्याला तेलच बरं.